दोन सालांचं जहाज

आमच्या ह्यांच्या जहाजावर मंगळवारी सकाळी खलाशी रुजू झाले आणि चहा गाळून होतो न होतो तोच त्यांची तक्रारही आली.

हे म्हणजे अच्युत शिंत्रे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. साताऱ्याला समुद्र नाही, पण आमच्या बाहेरच्या खोलीत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विनाशिका आहेत. प्लास्टिकच्या, फूटभर लांब. डोलकाठीची शेवटची तार ओढून झाली की माणसं येतात. करंगळीच्या नखावर दोघं उभे राहतील एवढी असतात. त्यांचं बोलणं नुसत्या कानाने ऐकू येत नाही, भिंग धरलं की येतं. मराठी चांगलं बोलतात. जहाज साताऱ्यात बांधलेलं असल्यावर दुसरं काय बोलणार?

जहाज बरोबर असलं की ते आपापल्या बिछान्यावर जाऊन झोपतात. कपाटातली आधीची जहाजं अशीच शांत झोपलेली आहेत. कुठे काही चुकलं असलं, की मात्र एकालाही झोप लागत नाही. मग तीनशे माणसं डेकवर येरझाऱ्या घालतात, आणि त्या बुटांचा आवाज ऐकायला भिंग लागत नाही. शेजारी कोणी तांदूळ पाखडत बसावं तसा तो चालू असतो. मी पोस्टाच्या खिडकीवर बसून जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या. निवृत्तीनंतर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, पण नशिबात असेल ते चुकत नाही.

"शिंत्रेसाहेब," त्यांचा लेफ्टनंट म्हणाला, "तोफा पंचेचाळीसच्या आहेत आणि रंग चव्वेचाळीसचा. आम्ही कोणत्या साली आहोत, तेवढं कळलं तर बरं होईल."

ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. चूक खरीच होती. या छंदात पडलेला माणूस कधी ना कधी ती करतोच. फोटो एका सालचा बघतो आणि नकाशा दुसऱ्या सालचा वापरतो. चव्वेचाळीस साली शत्रूच्या नजरेला चकवायला जहाजभर वाकडेतिकडे पट्टे रंगवलेले असत. पुढे जपानी विमानं थेट अंगावर येऊन आदळायला लागली. तेव्हा पंचेचाळीस साली टॉर्पेडो सोडायच्या पुढच्या नळ्या काढून तिथे विमानं पाडायच्या तोफा बसवल्या. तोवर पट्टेही जाऊन साधा निळा-करडा रंग आला होता. ह्यांनी पट्टेही काढले होते आणि तोफाही बसवल्या होत्या. साहजिकच माणसंही दोन्ही सालांची आली होती, आणि एकेका बिछान्यावर दोघादोघांचा हक्क होता.

"सोपं आहे," हे म्हणाले. "रंग बदलतो."

दुसरा मार्ग तोफा काढून नळ्या नव्याने घडवण्याचा. पण ह्यांचा हात आता थरथरतो, आणि उजव्या डोळ्याची आशा डॉक्टरांनी सोडली आहे. हे आपलं शेवटचं जहाज, असं पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांना त्यांनी सांगूनही ठेवलं होतं.

रंग आणायला हे बाजारात गेले तेव्हा मी भिंग घेऊन बसले. जहाजाच्या स्वयंपाकघरात लेस्टर नावाचा एक तरुण आचारी होता. त्याने विचारलं, "काकू, तुम्ही पोह्यांचे दाणे फोडणीतच परतता का?"

"हो, फोडणीतच."

"तरीच. मी आधी तळून ठेवतो, मऊ पडतात."

आमच्या घरात ताटात पडेल ते निमूट खाऊन उठायची पद्धत आहे. कसं केलंस, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. पोरगा मला फार आवडला. पण तो जेवण वाढायला बाहेर आला की निम्मे लोक गप्प होत आणि खाली बघत ताट घेत, हे माझ्या लक्षात आलं. मी लेफ्टनंटला कारण विचारलं.

तो पंचेचाळीसचा माणूस. जरा बाजूला येऊन म्हणाला, "चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात गेला तो, काकू. फिलिपिन्सजवळ. विमान नेमकं स्वयंपाकघरावर आलं. त्याला हे ठाऊक नाही. पंचेचाळीसचा रंग लागला, की तो इथे नसणार."

हे डबा घेऊन आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी डबा न उघडताच टेबलावर ठेवला.

"कुमुद, शेवटचं आहे गं हे."

"माहीत आहे मला."

"चुकीचं कसं ठेवू?"

मग ते तोफा काढून नळ्या करायला बसले. चिमटा हातातून निसटायचा, नळी जमिनीवर पडायची आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधायचो. शेवटी बसवल्या, त्या वाकड्याच. लेफ्टनंटने चारी बाजूंनी फिरून पाहिल्या.

"राहू द्या, साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "अशाने आम्ही कुठल्याच सालात बसणार नाही."

ह्यांनी तोफा परत बसवल्या आणि रंगाचा डबा उघडायला घेतला. तेव्हा लेफ्टनंटने थोडा वेळ मागून घेतला. लेस्टरला बटाटे सोलायला मागे पाठवून त्याने बाकीच्यांची बैठक बोलावली. पहिला हात वर केला तो पंचेचाळीसच्या आचाऱ्याने. त्याला लेस्टरच्याच जागेवर घेतलेलं होतं.

"रंग आहे तो राहू द्या," लेफ्टनंटने कळवलं. "सर्वानुमते ठरलं आहे."

"आणि झोप?" ह्यांनी विचारलं.

"नाही लागली तर नाही लागली."

पुण्याला परीक्षकांनी भिंग लावलं, तेव्हा सगळे ओळीत गप्प उभे होते. परीक्षकांनी तोफा पाहिल्या, पट्टे पाहिले आणि भिंग खाली ठेवलं. "शिंत्रे, साल चुकलं की हो. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"हो," हे म्हणाले, "नजरचूक झाली."

घरी येईपर्यंत त्यांनी जहाजाचं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मला त्यांची फार दया आली, पण तसं बोलून दाखवलं तर त्यांना आवडत नाही. जहाज कपाटात न ठेवता त्यांनी टेबलावरच ठेवलं.

येरझाऱ्या अजून चालू आहेत. आम्हाला झोप मिळते ती तुकड्यातुकड्यांनी, दुपारी वगैरे. काल पोहे केले तेव्हा मी भिंग घेऊन बसले. लेस्टरचे डोळे सुजले होते.

"काकू, रागावणार नसाल तर एक बोलू? काकांचं काम एक नंबर आहे. पण रंग चुकलाय. तेवढा बदलून द्या म्हणावं. पोरांना अजिबात झोप नाही हो."

"सांगते," मी म्हटलं.

"विसराल."

"नाही विसरत," मी म्हटलं, आणि दाणे अजून तळूनच घेतोस का, म्हणून विचारलं.