तात्यांचं ‘हलू नका’

अशा उंबऱ्याशी काय टेकलात? सरका की जवळ. चार-चार महिने तोंड दाखवायचं नाही, आणि आलात की एक डोळा घड्याळावर! ते घड्याळ ठेवा पाहू खिशात. आज तुम्हांला आमच्या साताऱ्याच्या तात्यांविषयी सांगते, आणि सांगून होईपर्यंत, त्यांच्याच शब्दांत, हलू नका!

तात्या या दोन शब्दांवर जगले. आमच्या शेजारी त्यांचं फोटोचं दुकान. काळ्या बुरख्यात डोकं घालून नवरा-नवरीला “हलू नका” म्हणत, ते ठीक. पण हे उतू जाणाऱ्या दुधालाही म्हणत. एकदा गल्लीत म्हैस आडवी आली, तर सवयीनं तिलाही हात जोडून म्हणाले, “हलू नका.” म्हैस आज्ञाधारक. दुपारपर्यंत हलली नाही.

मी सांगलीहून लग्न होऊन आले ती लढाईची वर्षं. पहिल्याच दिवाळीत तात्या आमचा सोऱ्या मागून घेऊन गेले. माझ्या माहेरचा, पितळी. दांडा फिरवला की मळसूत्र सावकाश खाली जातं आणि चकली पडते, तसला. दिवाळी सरली, संक्रांत आली, सोऱ्या काही येईना. शेवटी सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

“आवं तात्या, चकल्या झाल्या न्हाईत व्हय अजून?”

“वहिनी, चकल्या कुठल्या? मी तारे पाडतोय.”

खोटं नव्हतं हो ते. ताऱ्यांचे फोटो काढायचा खटाटोप चालला होता. दोन फळ्या बिजागरीनं जोडलेल्या, बिजागरीचा रोख ध्रुवाकडे. वरच्या फळीवर दुकानातला लाकडी कॅमेरा, खालून रेटा द्यायला माझा सोऱ्या! आभाळ सरकतं तसं मळसूत्र फिरवत फळी केसाकेसानं उचलायची. शेजारी बांधलेल्या दुर्बिणीत एक तारा धाग्यांच्या फुलीवर धरून ठेवायचा, तासभर. हात जरा चुकला की ताऱ्याची रेघ झाली. आणि हा सगळा संसार आमच्या सपाट माळवदावर, कारण त्यांच्या घरावर कौलं.

चंद्राशी तात्यांचं हाडवैर. तेव्हा फोटो काचेवर निघत, आणि चांदण्यात ती काच काळवंडून जाई. संकष्टीला अख्खी गल्ली उपाशी, चंद्र कधी दिसतो म्हणून डोळे लावून बसलेली, आणि हा एकटा माणूस जरंड्याच्या डोंगराकडे बघून विनवतोय, “सावकाश ये रे बाबा. घाई नाही.”

लढाईनं विलायतेहून काचा यायच्या बंद झाल्या. तात्यांकडे एकच उरली. आधीच्या साऱ्यांवर नुसत्या रेघोट्या. ही त्यांनी मृग नक्षत्रासाठी राखली होती. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली धुकट ठिपका दिसतो ना, तो त्यांना हवा होता. नेमकं आभाळ निवळलं ते संकष्टीलाच. अंधार पडल्यापासून चंद्र उगवेपर्यंत काय वेळ मिळेल तेवढाच.

सासूबाई म्हणाल्या, “जा गं, चंद्र आला का बघून ये.” मी नवखी. चंद्राला ओवाळायचं म्हणून पेटलेलं निरांजन घेऊनच जिना चढले. डोकं वर निघालं मात्र, अंधारातून आवाज आला, “हलू नका!”

आता आली का पंचाईत! उजेड पडला तर शेवटची काच गेली. आणि देवाच्या निरांजनावर फुंकर कशी मारणार? तात्याही “विझवा” म्हणेनात. तो शब्द तोंडातून काढायचा नसतो ना. मी तशीच दोन पायऱ्या खाली बसले, भिंतीकडे तोंड करून, निरांजन पदराआड धरून. खालून सासूबाई, “आगं, दिसला का न्हाई?” ओरडून उत्तर द्यावं तर तात्या दचकायचे, हात चुकायचा. “वर गेलीस का पंढरीला गेलीस?” पोटात कावळे, हाताला चटका, आणि वर मळसूत्राची बारीक कुरकुर.

किती वेळानं कोण जाणे, खट्कन कॅमेरा मिटला आणि तात्या गल्लीभर ओरडले, “उगवू दे आता! जेवा सगळे!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काच मला खिडकीत धरून दाखवली. काचेवर तारे काळे उमटतात. रेघ एक नाही, नुसते ठिपके. जिथं मला तीन तारे ठाऊक, तिथं मूठभर मोहरी सांडलेली. आणि तो धुकट ठिपका! भिंगातून पाहिला तर पंख पसरलेलं पाखरू. मी भिंग खाली ठेवून विचारलं,

“हे रोज आपल्या डोक्यावर असतं?”

“रोज. सूनबाई, माझं ‘हलू नका’ ऐकलेली माणसांत तू पहिलीच.”

मग फडताळातून त्यांनी दुसरी काच काढली. जुनी. खुर्चीवर परकर, दोन पाय, आणि तोंडाच्या जागी नुसता धूर.

“आमची सुमी. चार वर्षांची. कितीदा म्हटलं हलू नको, पण हसली आणि हलली. रागावलो मी. त्याच पावसाळ्यात तापानं गेली. दुसरा फोटो नाही.” काच पुसत म्हणाले, “हलणाऱ्याला हलू नको म्हणायचं नसतं गं. आपण त्याच्याबरोबर हलायचं. हे तुझ्या सोऱ्यानं शिकवलं. फार उशिरा.”

सोऱ्या मी परत मागितला नाही. तात्या गेल्यावर तो आपोआप घरी आला, त्या दोन काचा घेऊन. आता गुडघ्यांमुळे मी जागची हलत नाही. तेव्हा तुम्हीच हला, आणि लवकर या. माघात या, मृग माथ्यावर असतो तेव्हा. चकल्या करीन, आणि काचा खिडकीत धरून दाखवीन, दोन्ही.