ज्याची त्याची लेन

"हा आडवा पट्टा म्हणजे एकेकाची लेन," जेवणाच्या टेबलावर भलामोठा कागद पसरत नवरोबा म्हणाला. "ज्याने त्याने आपल्याच लेनमधलं काम करायचं. एक चौकट झाली की बाण, बाणापुढे दुसरी चौकट."

"आणि मध्येच काही आठवलं तर?" बायकोने विचारलं.

"आठवायचं नाही. सगळा घोळ तिथेच होतो."

सॉफ्टवेअर कंपनीत कामाच्या प्रक्रिया आखून देणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. कंपनीतले लोक त्याच्या बाणांवर मुकाट चालत. घरचे मात्र सासऱ्यांकडच्या प्रत्येक कार्यक्रमाला उशिरा पोचत आणि बोलणी हा खाई. सासरे निवृत्त स्टेशनमास्तर. "या जावईबापू, खुर्च्या उचलायला माणूस हवाच होता," हे त्यांचं गेल्या खेपेचं स्वागत त्याच्या फारच जिव्हारी लागलं होतं. उद्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. उद्या वेळेत पोचून त्यांची बोलती बंद करायचीच, असा चंगच त्याने बांधला होता.

सकाळी आक्रीत घडलं. सगळं तक्त्याबरहुकूम चाललं. बायको फोन सायलेंटवर टाकून, भेटवस्तू घेऊन पहिल्या टॅक्सीने निघूनही गेली. त्याच्या आईबाबांची टॅक्सी खाली येऊन थांबली. नवरोबाची छाती अभिमानाने फुलली आणि तेवढ्यात त्याला दिसलं की वाळत घातलेले कपडे कुणाच्याच लेनमध्ये नाहीत. तो तसाच बाल्कनीत धावला.

तो चादरीआड चिमटे काढत असताना आई आली आणि आपल्या लेनप्रमाणे बाल्कनीच्या दाराला आतून कडी लावून वळली. त्याने दणादणा दार वाजवलं.

"अगं, कुणीतरी दार ठोकतंय," आतून बाबांचा आवाज आला.

"कागदावर आहे का तसं?"

"नाही बुवा."

"मग चला मुकाट्याने. वरच्यांकडे सुतार आलाय, तो ठोकत असेल. आता कुलूप, मग टॅक्सी."

"आणि आपले चिरंजीव?"

"त्याची लेनच नाहीये यात. गेला असेल सूनबाईबरोबर."

नवरोबाचा हात दारावरच थबकला. खरंच की! सगळ्यांच्या लेन आखल्या, स्वतःचीच राहिली. तो भानावर येऊन हाक मारेपर्यंत बाहेरून कुलूप लागलं होतं. त्याने खिशातून फोन काढून तिघांनाही लावून पाहिला. पण पोचेपर्यंत फोनला हात लावायचा नाही, ही चौकट त्यानेच लाल शाईने रंगवली होती. त्याच्या हाका न ऐकताच टॅक्सी वळणाआड गेली. राग कुणावर काढावा तेच कळेना, म्हणून त्याने कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

बऱ्याच वेळाने बायकोचा फोन आला.

"अहो, आहात कुठे?"

"बाल्कनीत."

"कुणाच्या?"

"आपल्या! आईने कडी लावली."

"अगंबाई! मला वाटलं, आईबाबांबरोबर येताय. थांबा, किल्ली घेऊन निघतेच मी." मग तिचा आवाज एकदम खुलला. "पण ऐका ना, आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो! माझे बाबा नुसते खूश आहेत. आल्यागेल्याला तुमचा कागद दाखवतायत. म्हणाले, जावई असावा तर असा."

नवरोबाला भरून आलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच.

"मी आलो नाही, त्याबद्दल काही म्हणाले?"



"नाही हो," बायको हळूच म्हणाली. "त्यांच्या अजून लक्षातच आलेलं नाही."