बापूराव धोटे, नास्तिक

"देवाच्या कृपेनं बरं आहे," असं चुकून कुणी म्हटलं, की बापूराव धोटे सायकलवरून उतरत. स्टँड लावत. मग विचारत, "कारखान्याच्या कोन्त्या शॉपमधी हाये हा देव? टोकन नंबर सांग त्याचा. मशीन दुरुस्त करू मी, अन् कृपा त्याची कावून?"

आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे, भिलाईच्या नव्या कारखान्यात लागलेले. ते फिटर, मी स्टोअरमध्ये. क्वार्टर शेजारी-शेजारी. त्यांच्या घरात देव नव्हता आणि बायकोही नव्हती. देवाला त्यांनी नकार दिला होता. बायकोच्या बाबतीत नकार समोरून आले होते.

नव्या भट्टीच्या पूजेला सगळा कारखाना नारळाभोवती जमला. कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांच्या मुलुखात देवाला थारा नाही, असं बापूराव अभिमानानं सांगत. त्यातलेच एक साहेब कपाळभर कुंकू लावून पेढे मागून खात होते. बापूराव पेढा न घेताच घरी निघाले. दारात म्हणाले, "रशियाबी बिघडला."

पुढे माझ्या आईला मोतीबिंदू झाला आणि तिची संध्याकाळची पोथी बंद पडली. मी संध्याकाळच्या पाळीवर, बायको रायपूरला हिंदीत शिकलेली, पोथीत अडखळायची.

एकदा अंगात ताप होता म्हणून लवकर घरी आलो. व्हरांड्यात आई हात जोडून बसलेली, आणि समोर चष्मा लावून बापूराव पोथी वाचून राहिलेले!

मध्येच थांबले. "माय, मेलेला माणूस उठून कसा बसन वो?"

"नाही पटत त नको पटू देऊ. आवाज मोठा कर."

त्यांनी केला.

बायको हळूच म्हणाली, "महिना झाला. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांनी." कुणाची शपथ, ते मी विचारलं नाही.

मला पाहताच बापूराव उठून फाटकाकडे निघाले. मी मागोमाग गेलो. "काय, पटायला लागलं वाटतं?"

"पटते कायले!" ते फाटकाची कडी चाळवत राहिले. "माह्या मायलेबी शेवटी दिसत नोहतं. म्हने, बापू, एक अध्याय वाचून दाखव रे. मी नाही म्हटलं. तत्त्व होतं ना माहं."

कडी काढून त्यांनी परत लावली.

"माय गेली. तत्त्व राह्यलं."

आतून आईनं हाक मारली, "बापू, अध्याय अर्धाच राह्यला ना रे!"

"आलो, माय," म्हणत ते परत आत गेले.