विषय : डावी कूस

नाना स्वतःच्या दुखण्याचाही अर्ज करतात. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण समोर कुणी अधिकारी माणूस दिसला की घरची मालवणी उंबऱ्याबाहेर राहते आणि कचेरीतली मराठी सुरू होते. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी चक्क कागद ठेवला : ‘विषय : डाव्या खुब्याच्या बाहेरील बाजूच्या दुखण्याबाबत.’ खाली संदर्भ एक ते सात. सातव्या संदर्भात माझं नाव, कारण ‘शेक घ्या’ हा सल्ला मी दिला होता.

आमच्या दोन घरांना कुंपण एकच. नानांची बायको, माई, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली. वाचाही गेली. मुलगी रेडी गावात दिलेली, ती आठवड्याला येऊन जाते. बाकी सगळं नाना करतात, तेही लंगडत. मी शाळामास्तर. त्यामुळे गाडी माझी, रजा माझी आणि वैतागही माझाच.

गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. शेवटी बाई म्हणाल्या, “तुमचंच रक्त काढून यंत्रात फिरवू. त्यातला उपयोगी भाग वेगळा करून खुब्याशी टोचू. काहींना गुण येतो, काहींना नाही. खात्री देत नाही.”

“म्हणजे बदली नव्हे, मूळ जागी पुनर्नियुक्ती,” नाना म्हणाले आणि त्यांनी मंजुरी दिली.

ठरल्या दिवशी रक्त काढलं, नळी यंत्रात गेली. नाना यंत्रापाशी पहाऱ्याला उभे. मी म्हटलं, “बसा हो नाना!” तर माझ्या कानात, “गप रे मास्तर. कचेरीत फायली बदलतत कशी, ता माका ठावक आसा.”

नळी बाहेर आली ती वरून पिवळी. नानांचा चेहरा पडला. “ह्या माझा न्हय. माझा रगत तांबडा.” नळीवरचं नाव दाखवलं, तरी त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मागे चार पेशंट खोळंबलेले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

सुई दिसताच नानांनी हात जोडले आणि देवळात घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा. ह्येच्या खुब्याचा दुखणा दूर कर, आणि ह्येका डाव्या कुशीर निजाक मिळांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” नर्स म्हणाली. गाऱ्हाण्याला साथ द्यायची सवयच ती. मीही म्हणालो. बाई पुण्याच्या. त्या सुई हातात धरून आम्हा तिघांकडे बघत राहिल्या.

टोचून झाल्यावर त्यांनी सांगितलं, “दुखलं तरी सुजेच्या गोळ्या काही दिवस घ्यायच्या नाहीत. आणि तीन आठवडे डाव्या कुशीवर झोपायचं नाही.”

“पहिली अट मान्य. दुसरी अमान्य,” नाना म्हणाले.

बाईंनी समजावलं, मी हात जोडले. नाना ढिम्म.

गाडीत मी फुटलोच. “इतक्या सगळा केला, ता पाण्यात घालतलात? तीन आठवडे उजव्या कुशीर निजलात तर काय आभाळ पडतला?”

“उजवीकडे वळलंय की पाठ माईकडे.”

“मगे जागो बदला! तुमी तिच्या पलीकडे जावा!”

“तिचो डावो हात गेलेलो,” नाना म्हणाले. आवाजात आता कचेरी नव्हती. “चलता तो उजवो. मी पलीकडे गेलंय तर तो माझ्यापर्यंत कसो येतलो? सकाळी जाग इली की माझ्या गालार फिरयता. दाढी वाढली काय, बघता. तितक्याच बोलणा तिचा.”

इतका वेळ ओरडलो याची मला लाज वाटली. दोन वर्षं मी रोज त्या घरात जातो, पण हे मला कधी दिसलं नव्हतं. मी आवाज उतरवून म्हटलं, “तीन आठवडे खुर्ची घेवन तिच्याकडे बसा मगे.”

“मागे खुबो धरललो तेवा बसान बघलंय दोन दीस. रडाक लागली.” नाना खिडकीबाहेर बघत होते. “खुर्चीर कोण बसता रे मास्तर? भेटाक इल्लो माणूस. तो मगे उठान जाता.”