शरयूताईंनी ड्रॉप दाबलं

शरयूताईंना एखादी गोष्ट जितकी कमी समजते, तितक्या जोरात त्या मान डोलावतात. सिंगापूरला नव्या आल्या तेव्हा ब्लॉकखालच्या कॉफीवाल्या अंकलनी त्यांना विचारलं होतं, "कोपी ओ, कोसोंग?" ताई म्हणाल्या, "येस, येस, ऑफ कोर्स!" तेव्हापासून त्या बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी पितायत. तीही तोंड वाकडं न करता.

"मला समजलं होतं गं," त्या मला सांगतात. "फक्त अर्थ लागायला वेळ लागला."

सिंगापूरच्या सेंगकांग भागात आम्ही एकाच मजल्यावर राहतो. ताईंचे यजमान बँकेत, महिन्यातले निम्मे दिवस टूरवर. एकुलती एक लेक मुग्धा मेलबर्नला शिकते. ती गेली आणि पुढच्याच वर्षी, पन्नाशी ओलांडलेल्या ताईंनी पॉलिटेक्निकमध्ये अर्धवेळ डिप्लोमाला नाव घातलं. विषय बालशिक्षण.

"मुलांत रमायचंय तर एखाद्या बालवाडीत मदतीला जा की," मी म्हटलं.

"नाही. मला कॉलेजातच जायचंय." एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला.

आणि मग आमच्या घराची बेल रोज वाजायला लागली. मी आयटीतली, म्हणजे मला जगातलं सगळं समजतं अशी ताईंची ठाम समजूत.

"अगं, या विषयाला तीन क्रेडिट आहेत म्हणे. कसलं श्रेय? अजून मी काही केलंच नाही!"

तीन क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन, हे मी समजावलं. त्यांनी जोरात मान डोलावली, तेव्हाच मी ओळखलं की मेहनत फुकट गेली.

ट्यूटोरियल हा शब्द तर त्यांच्या फार जिव्हारी लागला. लेक्चरनंतर वीसेक जणांत बसून चर्चा करायची, इतकंच ते. पण ताईंनी ट्यूटोरियलची ट्यूशन केली. "पहिल्याच आठवड्यात मला ढ ठरवलं," म्हणून त्या दोन दिवस फुगून होत्या. मग तिथे सगळा वर्गच आलेला बघून त्यांना वाटलं, सगळेच ढ आहेत, आणि त्या एकदम खुशीत आल्या.

ऑफिस अवर्सचा घोळ वेगळा. शिक्षिका मिस लिम यांनी सांगितलं होतं, माझे ऑफिस अवर्स बुधवारी तीन ते पाच. म्हणजे त्या वेळात शंका विचारायला या. ताईंनी अर्थ काढला, बाई तेव्हा ऑफिसच्या कामात असतात, फिरकायचं नाही. म्हणून त्या मिस लिमना बसस्टॉपवर गाठायच्या, कँटीनमध्ये त्यांचा नूडल्सचा पहिला घास तोंडाशी असताना गाठायच्या. बुधवारी तीन ते पाच मात्र त्या मजल्यावर पाऊलही टाकायच्या नाहीत.

एका संध्याकाळी त्या आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं.

"हजेरीत माझं नावच नाही गं. मिस लिम म्हणाल्या, यू ड्रॉप्ड माय मॉड्यूल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"येस, येस, थँक्यू म्हटलं. त्या बघतच राहिल्या माझ्याकडे."

मी त्यांचा लॅपटॉप उघडून घेतला. निबंध लिहून झाल्यावर ताईंनी कॉलेजच्या पानावर विषयापुढचं 'ड्रॉप' हे बटण दाबलं होतं. ड्रॉप, म्हणजे पेटीत टाकतात तसं निबंध टाकायचं बटण, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्यांनी तो विषयच सोडून दिला होता.

"आर यू शुअर, असंही विचारलं त्यानं," ताई म्हणाल्या. "किती काळजी घेतात, असं वाटलं मला. लगेच येस केलं."

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांना ऑफिस अवर्समध्ये घेऊन गेले. मिस लिम भरभर बोलायला लागल्या. विथड्रॉ करायचं आहे, डेफर करायचं आहे, की पुन्हा एन्रोल? ताईंची मान हलायला लागली. मी श्वास रोखला. मान मध्येच थांबली.

"मिस लिम," ताई म्हणाल्या, "आय डोन्ट अंडरस्टँड. प्लीज, स्लोली."

"अय्या! व्हाय यू नेव्हर से?" मिस लिम हसल्या आणि एकेक शब्द फोड करून सांगत बसल्या. विषय बदलायची मुदत अजून संपली नव्हती. ताईंचं नाव पुन्हा लागलं.

परतताना आम्ही एलआरटीत, आमच्या भागात फिरणाऱ्या छोट्या रेल्वेत, बसलो. ताई खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "गेल्या वर्षी मुग्धाचा फोन आला होता. म्हणाली, आई, आय ॲम ऑन अकॅडमिक प्रोबेशन. यांच्या बँकेत प्रोबेशन असतं ना, ते संपलं की माणूस कायम होतो. मला वाटलं, चांगलंच आहे. व्हेरी गुड म्हटलं. शिरा केला आणि त्याचा फोटो तिला पाठवला."

मी त्यांच्याकडे वळले.

"तिच्या मैत्रिणीच्या आईनं नंतर सांगितलं. मार्क इतके कमी पडले होते, की कॉलेजातून काढणार होते तिला. माझी पोर बुडत होती गं, आणि मी तिला शिऱ्याचा फोटो पाठवला. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलते."

"तुम्ही शिकताय हे माहितेय तिला?"

"नाही. आधी सगळे शब्द येऊ देत."

"सगळे मलाही येत नाहीत, ताई. आत्ता लावा फोन."

त्यांनी फोन लावला. नेहमीसारखा स्पीकरवर.

"हाय आई. इट्स रेनिंग हिअर."

"असू दे पाऊस. मुग्धा, मी कॉलेजात जाते. आणि मी चुकून एक विषय ड्रॉप केला."

पलीकडे एक हसू फुटलं, ते मध्येच ओलं झालं.

"मी पण, आई," मुग्धा मराठीत म्हणाली. "मी पण एक सोडलाय."

ताईंचं "व्हेरी" ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"कुठला गं?" त्यांनी विचारलं. "का सोडलास? सावकाश सांग, मला वेळ आहे."

आमचं स्टेशन आलं. दारं उघडली, मिटली. गाडी लूपची होती, फिरून पुन्हा इथंच येणार होती. मी ताईंची पिशवी मांडीवर घेतली आणि बसून राहिले.