ट्रॅक्टर पाहण्याचा कार्यक्रम

ट्रॅक्टर मी निवडणार, असं मी नाश्त्याला बसल्या बसल्या जाहीर केलं, तेव्हा आमच्या डेलियानं पावाला लोणी लावणं थांबवलं नाही. बायको काही बोलली नाही, की मी ती संमती समजतो. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही खोड जात नाही.)

ट्रॅक्टरची गरज मात्र खरी होती. डेलियाच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की लीद उपसणं बंद, गवताचे भारे उचलणं बंद. आमच्याकडे तीन कॉनेमारा, म्हणजे आमच्या आयरिश जातीच्या, घोड्या. त्यातली डचेस तर डेलियाच्या माहेरच्या घोडीची नात. हिवाळ्याच्या आत कामाची काही सोय झाली नाही, तर तिघींना ऑक्टोबरच्या बाजारात विकायला उभं करायचं, असं डेलियानंच ठरवलं, आणि मग ती तबेल्यात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी जन्मभर गॉलवेच्या नगरपालिकेत कारकुनी केलेला माणूस. लीद मीही उपसत होतो, पण माझ्या हातून ती फक्त जागा बदलते, असं डेलियाचं मत होतं.

मी कंपन्यांची माहितीपत्रकं आणली आणि खरं सांगतो, थक्क झालो. अहो, काय ती यंत्रं! त्यातला एक ट्रॅक्टर तर असा, की चित्र पाहूनच मी खुर्चीत सरळ बसलो. माझ्या छातीएवढी चाकं, बंद काचेची केबिन, आत हीटर, रेडिओ, आणि खुर्ची आपोआप वरखाली होणारी. आमचे नगराध्यक्षसुद्धा अशा खुर्चीत कधी बसले नाहीत.

"हा!" मी चित्र डेलियापुढे धरलं.

"तबेल्याच्या दारातून जाईल?"

"दार मोठं करू."

"आणि खालच्या ओल्या रानात रुतला तर?"

"रुतेल कसा? ताकद बघ केवढी आहे!"

"ताकद असली, की जास्त खोल रुततो," डेलिया म्हणाली. मग थोडा विचार करून, अगदी गोड आवाजात, "तू असं कर, फेस्टीमामाला बरोबर घेऊन जा. असले सौदे त्याला कळतात."

फेस्टीमामा म्हणजे डेलियाचा सख्खा मामा. घोड्यांच्या बाजारात त्याचा शब्द चालतो. जनावर नुसतं चालत आलं, तरी त्याच्या आजीला कोणत्या पायाचा त्रास होता ते मामा सांगतो. मला त्याचा भयंकर आदर. त्यानं ट्रॅक्टर कधी घेतला नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षात आली, पण आदरापुढे टिकली नाही.

"हे बघ मॅलकी जावईबापू," गाडीत बसताच मामानं दीक्षा दिली. "जे हवं त्याच्याकडे बघायचं नाही. जे नको त्याची तारीफ करायची. मग हव्या असलेल्याला नावं ठेवायची, आणि निघून जायचं. हाक आली की परत यायचं. असं तीनदा. मागं वळून बघितलंस, तर मेलास."

ट्रॅक्टरच्या दुकानात शिव्हॉन नावाची एक तरणीताठी पोरगी होती. माझा लाडका मागच्या बाजूला झळकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. (मान त्यासाठी इतकी वळवून धरली, की शिव्हॉननं मला दुखतंय का विचारलं.)

मामा त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आला. पुढच्या, लीद-माती उचलायच्या बादलीचे दात त्यानं बोटांनी चाचपले आणि नाक मुरडलं.

"वय लपवलंय."

"आजोबा, तो नवा आहे," शिव्हॉन म्हणाली.

"सगळेच असं म्हणतात. लाथ मारतो का?"

"नाही."

"अंधाराला बुजतो?"

"त्याला दिवे आहेत."

"काही खोड? कुंपण चघळणं वगैरे?"

"अजून तरी तक्रार नाही आली," ती पोरगी गंभीरपणे म्हणाली. तिच्या सोशिकपणाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

"चालवून दाखव," मामा म्हणाला. तिनं तो आवारातून एक फेरी फिरवून आणला. मामा डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "मागचा उजवा जरा धरतोय. चल मॅलकी, असलं जनावर मी फुकटसुद्धा नेणार नाही."

आम्ही निघालो. शिव्हॉननं हाक मारली. आम्ही परतलो. पुन्हा घासाघीस, पुन्हा निघालो, पुन्हा हाक. साठी उलटेपर्यंत कधी कुणी मला दोनदा परत बोलावलं नव्हतं! तिसऱ्यांदा मामानं टोपी डोक्यावर दाबली, जमिनीवर थुंकला आणि मला घेऊन थेट चर्चच्या भिंतीआड उभ्या केलेल्या गाडीत येऊन बसला.

"आता?" मी विचारलं.

"आता बसायचं. येते ती धावत."

आम्ही बसलो. कोणी धावत आलं नाही. पाऊस मात्र आला. मामानं खिशातून अंड्याची सँडविचं काढली, एक मला दिलं, आणि एका वेंधळ्या शिंगराच्या सौद्यात आपण दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कसे भिंतीआड उभे होतो, ते रंगवून सांगितलं. मी दोनदा आरशाकडे डोळे नेले, दोन्ही वेळा त्यानं माझ्या मांडीवर चापट मारली. केवढा हा संयम! आपण नगरपालिकेत उगाच आयुष्य घालवलं, असं मला वाटून गेलं.

तेवढ्यात मागून इंजिनाचा आवाज आला.

"बघू नकोस," मामा म्हणाला.

मी बघितलं नाही. पण ते यंत्रच आमच्या शेजारून पुढे गेलं, त्याला मी काय करणार? बुटका, रुंद चाकांचा, उघडा, लाल रंगाचा एक छोटा ट्रॅक्टर. त्यावर पिवळा रेनकोट घालून डेलिया बसली होती. डावा हात मांडीवर, आणि स्टिअरिंगला बसवलेली मूठ धरून उजव्या हातानं ती तो एवढा डौलात चालवत होती, की माझ्या तोंडातलं सँडविच तोंडातच राहिलं. तिनं आम्हांला बघून मान हलवली आणि पुढे गेली.

"बैठक चांगली आहे पोरीची," मामा एवढंच बोलला.

घरापर्यंत आम्ही तिच्या मागून, बैलगाडीच्या वेगानं आलो. आमच्या मागे मोटारींची भलीमोठी रांग लागली होती. लोक भोंगे वाजवत होते, आणि मी काच खाली करून प्रत्येकाला सांगत होतो, "माझी बायको आहे."

घरी तिनं ट्रॅक्टर तबेल्याच्या दारातून असा आत नेला, जसा काही तो तिथंच जन्मला होता. लिदीचा ढीग उचलून बाहेर टाकला. मग तो खालच्या ओल्या रानात उतरवला. मी श्वास रोखून उभा राहिलो, आणि तो गवतावरून पलीकडे गेला, चिखल नुसता चाकांना लागला. गवताचा भलामोठा गठ्ठा तिनं एका हाताच्या दोन बोटांनी एक दांडी मागेपुढे करून उचलला. माझ्या ढकलगाडीला बघून पळणारी डचेस स्वतः चालत आली, तिनं त्या लाल बॉनेटचा वास घेतला आणि गठ्ठ्यातलं गवत ओढायला लागली. डेलियानं इंजिन बंद केलं.

"आता कुणी कुठं जात नाही," ती घोडीला म्हणाली, आणि रेनकोटच्या बाहीनं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले. ही बाई माझी बायको आहे, हे मला कुणीतरी पुन्हा नव्यानं सांगितल्यासारखं वाटलं.

तरीपण सौद्याचं थोडं श्रेय आपल्यालाही आहेच की! रविवारी चर्चनंतर पबमध्ये मी ते मंडळींना समजावून सांगत होतो.

"आम्ही तीनदा उठून आलो, म्हणून तर ती पोरगी नरमली! नंतर डेलिया गेली ती आयत्या बिळावर."

मंडळी मामाकडे बघायला लागली. मामा आपल्या ग्लासातला फेस बघत होता.

"डेलिया आठवडाभर आधीच तो छोटा चालवून, पसंत करून आली होती," तो म्हणाला. "शिव्हॉनलाही सगळं ठाऊक होतं. फक्त सही करून पैसे भरायचे राहिले होते, आणि तेवढ्यात हा तो काचेचा राजवाडा घरी घेऊन येईल, अशी डेलियाला धास्ती. मला म्हणाली, मामा, सौदा पुरा होईस्तोवर ह्याला धरून ठेव."

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"जन्मभर बाजारात दुसऱ्यांची जनावरं धरून उभा राहिलो," मामा प्रेमानं माझ्या पाठीवर थाप मारत मंडळींना म्हणाला, "पण इतकं गुणी नाही पाहिलं. सँडविच दिलं, की गप्प उभं."