दुसऱ्यांदा ओढलेलं कुलूप

भालचंद्ररावांचा शेवटचा धडधाकट दिवस शेजारच्या कुरडया भिजवण्यात गेला.

सकाळी भोकरदनच्या घरात त्यांची मुलगी गंधाली लॅपटॉपवर एका प्रोग्रामच्या ओळी खोडत बसली होती. जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग घेणारा तो प्रोग्राम जगभरचे लोक मिळून फुकट लिहीत.

“काय पुसून राह्यलीस?” बाबांनी विचारलं.

“यातला प्रोसेसर सुरुवातीलाच तयार होतो. पुढं कुणीतरी त्याला पुन्हा पहिल्यापासून तयार केलंय. कारण नसताना.”

“मंग राहू दे की. तुला काय चावून राह्यलं?”

“एकदा झालेलं काम पुन्हा कशाला, बाबा?”

हा टोमणा होता. बाहेर पडताना बाबा कुलूप लावत, फाटकापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढत आणि वर गंधालीलाच विचारत, “लागलं ना?” त्यांनीच ओढून पाहिलेल्या कुलपाबद्दल तिनं काय सांगायचं? ती कधीच उत्तर देत नसे.

त्या दिवशी मावशीकडे साखरपुडा होता, जालन्याला. कुलूप गंधालीनं लावलं, एकदाच. बाबा फाटकातून परत वळले, तसा तिनं त्यांचा दंड धरला. “बस जाईल.”

बस राजूरला पोचली आणि शेजारच्या द्वारकाबाईंचा फोन आला. “भाऊ, तुमची टाकी वाहून राह्यली. माझ्या अंगणातल्या कुरडया पोहून राह्यल्या.”

“मोटार,” बाबा म्हणाले. “रोज कुलूप ओढायला आलो की तिचा आवाज येतो. मंग आत जाऊन बंद करतो.”

“हे आधी सांगायचं ना.”

“मला तरी कुठं माहीत होतं? तू आज धरलंस तेव्हा कळलं.”

बटण आत, मेन स्विचही आतच. “तोडा कुलूप,” बाबांनी फोनवर सांगितलं. द्वारकाबाईंच्या यजमानांनी, रामकिसनभाऊंनी, दगड घातला, मग पहार लावली. शेवटी कडीकोयंडा दाराच्या फळीसकट उपटला. कुलूप जसंच्या तसं.

“म्हणजे लागलं होतं,” बाबा समाधानानं म्हणाले.

साखरपुडा बुडाला. परतीच्या बसमध्ये गंधालीला निरोप आला: तिनं खोडलेल्या ओळी खरंच जास्तीच्या होत्या, बदल स्वीकारला. तिकडं कुणाचं काही भिजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

तेरावा झाल्यावर गंधाली पुण्याला, नोकरीवर परत निघाली. नव्या कडीला तेच कुलूप लावलं. फाटकापर्यंत गेली, परत आली, कान देऊन ऐकलं. कुलूप ओढलं.

दुसऱ्यांदा घातलेल्या कुरडयांची पिशवी घेऊन द्वारकाबाई फाटकाशी आल्या होत्या. “काय गं, एकदा लावलं की झालं म्हणतेस, असं भाऊ सांगत होते ना?”

गंधालीनं कुलूप आणखी एकदा ओढलं.

“लागलं, बाबा,” ती म्हणाली.